दा नांगमध्ये तीन महिने राहताय? खर्चाच्या या चुका टाळा

दा नांग हे व्हिएतनाममधलं किनाऱ्यावरचं शहर. व्हिएतनाम स्वस्त आहे, हे खरंच. तरीही दुसऱ्या महिन्यात अनेकांचे पैसे पुरेनासे होतात आणि मग कॉफी बंद, एक वेळचं जेवण बंद अशी काटकसर सुरू होते. ही उपासमार बघवत नाही, कारण गळती जेवणात नसतेच. ती असते घराच्या करारात, एटीएमच्या पडद्यावर आणि व्हिसाच्या अर्जात.

हिशोबासाठी एवढं लक्षात ठेवा: 1 रुपया म्हणजे साधारण 300 डोंग (व्हिएतनामचं चलन), म्हणजे 1 लाख डोंगचे झाले 330 रुपयांच्या आसपास. नोटांवरची शून्यं पाहून गोंधळायला होतं. 20 हजारांची आणि 5 लाखांची, दोन्ही नोटा निळसर आहेत. 5 लाखांची नोट पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यातच ठेवा. रात्री घाईत चुकीची नोट दिली, तर दीड हजारावर रुपये गेले.

भाडं ठरलं, पण वीजबिल फुगलं

सगळ्यात जास्त फटका इथे बसतो. इंटरनेटवर फोटो बघून, भारतातूनच अख्ख्या तीन महिन्यांचं घर ठरवू नका. पहिले पाच-सहा दिवस साध्या गेस्टहाउसमध्ये काढा. ‘मी खे’ किनाऱ्यामागच्या ‘आन थुओंग’ आणि ‘मी आन’ या भागांत गल्लीगल्लीतून फिरा, दारांवरच्या भाड्याच्या पाट्या बघा आणि घरमालकाशी समोरासमोर बोला. भाड्यात घासाघीस करतानाच पुढचा प्रश्न विचारा: वीज युनिटला कितीने?

सरकारी दर टप्प्याटप्प्याने चढतो. घरमालक मात्र बहुतेक ठिकाणी सरसकट 3,500 ते 4,000 डोंग लावतात. एसी रात्री आठ तास चालला आणि तासाला एक युनिट धरलं, तर महिन्याचे 240 युनिट होतात. 4,000 च्या दराने 9 लाख 60 हजार डोंग, म्हणजे जवळजवळ 3,200 रुपये, आणि ते फक्त एसीचे. पाणी माणशी किती, स्कूटर लावायचे पैसे वेगळे का, साफसफाई कोणाकडे, हेही त्याच वेळी लिहून घ्या. घरात शिरल्या दिवशी मीटरचा फोटो काढून तो घरमालकालाही पाठवा. बिल भलतंच आलं, तर वाद घालायला हाताशी तेवढाच पुरावा असतो. आणखी एक: परदेशी पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करणं घरमालकाचं काम आहे. तो टाळाटाळ करत असेल, तर कितीही स्वस्त असलं तरी ते घर घेऊ नका.

कार्डातून पैसे झिरपतात

आपल्या अनेक बँकांच्या कार्डांवर परदेशातल्या व्यवहाराला 3.5 टक्के मार्कअप, म्हणजे परकीय चलनाचं जादा शुल्क, लागतो आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. एकूण 4.13 टक्के. महिन्याला 50 हजार खर्च असेल, तर 2,065 रुपये असेच गेले. मार्कअप नसलेली कार्डं आता मिळतात. निघण्याआधी महिनाभर तरी असं कार्ड काढून ठेवा. त्याचे परदेशी व्यवहार ॲपमधून सुरू करा, मर्यादाही तिथेच बघा.

एटीएमने रुपयांत रूपांतर करून देऊ का असं विचारलं, तर नाही म्हणा. तो दर जवळजवळ नेहमीच आपल्या तोट्याचा असतो. दर वेळी ठरावीक शुल्क कापलं जात असेल, तर थोडे थोडे पैसे काढणं महागात पडतं. व्यवहार अडकला की आधी ओटीपी येतोय का ते बघा. भारतीय सिमवर रोमिंग चालू आणि रिचार्ज शिल्लक हवा, नाहीतर खात्यात पैसे असून माणूस अडकतो.

व्हिसाचे दिवस वाया जातात

ई-व्हिसा 90 दिवसांपर्यंतचा मिळतो; एकदाच प्रवेशाचा 25 डॉलर, अनेकदा प्रवेशाचा 50. मुदत अर्जात दिलेल्या तारखेपासून मोजतात, तुम्ही उतरलात त्या दिवसापासून नाही. दहा दिवस उशिरा पोचलात तर दहा दिवस गेले. मध्येच लाओसला जाऊन यायचं मनात असेल, तर आधीच 50 डॉलरचा घ्या. लाओसचा व्हिसाही आपल्याला लागतो, तो खर्च वेगळा धरा. आपल्या नावात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं. ते पासपोर्टवर ज्या रकान्यात आहे, त्याच रकान्यात भरा. चूक झाली तर शुल्क परत मिळत नाही.

स्कूटर

यात हौस नको, हे मी अगदी कळकळीने सांगते. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना 1949 च्या आंतरराष्ट्रीय रस्तेवाहतूक करारानुसारचा असतो. व्हिएतनाम 1968 च्या करारातला मानतं. म्हणजे भाड्याची 110 सीसी स्कूटर चालवताना तुमच्याकडे वैध परवानाच नाही. अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि हॉस्पिटलच्या एका बिलात तीन महिन्यांचं बजेट संपतं. किनाऱ्याजवळ सायकल पुरते. लांब जायला ग्रॅब या टॅक्सी-ॲपवरून चालकासकट दुचाकी बोलवा.

जेवण

शाकाहारी असाल तर पाटीवर ‘चाय’ (chay) हा शब्द शोधा. तिकडे त्याचा अर्थ शाकाहारी. भात, टोफू आणि भाज्यांचं ताट 25 ते 40 हजार डोंगात मिळतं. चांद्र महिन्याच्या 1 आणि 15 तारखेला, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, खूप लोक शाकाहार पाळतात, त्यामुळे त्या दिवशी अशी दुकानं गजबजलेली असतात. एरवी फिश सॉस कशातही असू शकतो.

घरच्या चवीसाठी रोज भारतीय हॉटेलात गेलात तर मात्र बजेट कोसळेल. बाक मी आनच्या बाजारात सालं काढलेली मुगाची डाळ मिळते. तिकडे ती गोड पदार्थांत घालतात. आलं, मिरची, कोथिंबीर, हळद, लिंबू सगळं तिथेच. भाताचा छोटा कुकर घेतला की खिचडी आणि वरणभात रोजचा होतो. हिंग आणि गोडा मसाला तेवढा घरून न्या.

निघताना

डिपॉझिट बहुधा एका महिन्याच्या भाड्याएवढं असतं. किती दिवस आधी कळवायचं ते करारात बघा आणि लेखी कळवा. शेवटचं मीटर रीडिंग दोघांनी मिळून घ्या आणि विमानाच्या आदल्या दिवशीच हिशोब मिटवा. तेत म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या आसपास, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत, निघणार असाल तर आणखी लवकर. त्या दिवसांत घरमालक गावी गेलेला असतो.