तळ्याचा गारवा किती आणि कुठवर: मे महिन्यात मोजायची रीत

नागपूरच्या गांधीसागरासारखं दाट वस्तीतलं तळं शेजारच्या गल्ल्या किती थंड करतं, हे अंदाजाने सांगू नये, मोजावं. १ लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता लागते, म्हणजे विजेच्या हिशेबात दोन-तृतीयांश युनिट. समजा, १ हेक्टर तळ्यातून दिवसाला ८ मिलिमीटर पाणी उडालं, तर ते झालं ८० हजार लिटर, पन्नास हजारांवर युनिटं! तेवढं ऊन डांबरात मुरायचं वाचलं. पण हा गारवा वारा नेईल तिकडेच जातो.

आर्द्रताही दाखवणारे चार डिजिटल तापमापक घ्या. स्वस्त यंत्रांत आपसात १ अंशाचा फरक सहज निघतो, आणि तळ्याचा परिणामच अनेकदा १-२ अंशांचा असतो. म्हणून आधी चारही एकाच सावलीत अर्धा तास शेजारी ठेवून फरक टिपा आणि नंतरच्या आकड्यांतून वजा करा. ही पायरी गाळली तर पुढची सगळी मेहनत वाया.

थेट ऊन लागलं की यंत्र हवेचं नव्हे, स्वतःचंच तापमान दाखवतं. पांढऱ्या प्लास्टिकच्या सहा बशा उपड्या, दोन बोटं फट ठेवून एकावर एक ओवा. खालच्या बशांना मधोमध भोक पाडून यंत्र आत टांगा, जमिनीपासून दीड मीटरवर.

उदबत्तीच्या धुरावरून वाऱ्याची दिशा बघा. वारा जातो त्या बाजूला काठावर, ५० आणि २०० मीटरवर एकेक यंत्र लावा. चौथं तुलनेसाठी तळ्यापासून किलोमीटरभर दूर, तशाच वस्तीत. काठावर झाडं आणि दूरच्या जागी उघडा रस्ता असेल, तर तुम्ही झाडांची सावली मोजताय, तळं नव्हे.

दुपारी ३ आणि पहाटे ५ वाजता, चारही आकडे दहा मिनिटांच्या आत, निरभ्र आकाशाचे निदान पाच दिवस. पहाटे काठ जास्त उबदार निघाला तर यंत्राला दोष देऊ नका: दिवसभर तापलेलं पाणी रात्री सावकाश निवतं.

आर्द्रता नोंदवायला विसरू नका. मेच्या कोरड्या हवेत हा गारवा खरा सुखावतो. पावसाळ्यात त्याच काठावर दमट उकाडा वाढू शकतो. ५० मीटरवरच चौथ्या यंत्राशी असलेला फरक संपला, तर आधी काठावर वारा अडवणारी सलग उंच भिंत आहे का ते बघा. तिच्या जागी जाळी बसवता आली तर बसवून पुन्हा मोजा.