कोरड्या वर्षात पावसाचे आकडे ताडून पाहताना या चुका टाळा

घोटीहून सिन्नरमार्गे वावीकडे जाणारा माणूस एका सकाळीच दोन वेगळे पावसाळे पाहतो. घोटीच्या आसपास भाताची खाचरे पाण्याने भरलेली असतात, आणि सिन्नर ओलांडून पूर्वेकडे गेले की बाजरी-मका पावसाची वाट पाहत उभी असते. बऱ्या वर्षी हा फरक आपण सवयीने स्वीकारतो. पावसाने ओढ दिली की मात्र जो तो आकडा विचारू लागतो, आणि वर्तमानपत्रातला एक, मोबाइलवरचा दुसरा व गावातल्या यंत्राचा तिसरा असे आकडे एकमेकांसमोर ठेवून वाद सुरू होतात. नाशिकमधल्या गंगापूर रस्त्यावरच्या घराच्या अंगणात पर्जन्यमापक ठेवून मी काही वर्षे रोजची नोंद करतो आहे आणि ओळखीच्या शेतकऱ्यांच्या वह्यांशी ती पडताळून पाहतो. या कामात ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसल्या, त्या येथे मांडतो.

कोरड्या वर्षात या चुका किती महाग पडतात, हे २०२३ साली दिसले. त्या वर्षीचा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ऑक्टोबरच्या अखेरीस राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात नाशिक जिल्ह्यातील मालेगाव, सिन्नर आणि येवला हे तीन तालुके होते. पुढे नोव्हेंबरमध्ये इतर तालुक्यांतील महसुली मंडळांना (म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटांना) दुष्काळसदृश ठरवताना जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि ७५० मिलिमीटरहूनही कमी असावा, असा निकष लावण्यात आला. एखाद्या मंडळाची सरासरी ६०० मिमी धरली तर ही रेषा ४५० मिमीवर येते. ४४८ आणि ४५३ मिमी पाऊस झालेल्या दोन शिवारांत पिकाच्या दृष्टीने काहीच फरक नसतो. पण एक मंडळ यादीत येते आणि दुसरे राहते. पाच मिलिमीटरची चूक करायला यंत्रातला कोळ्याचा एक जाळा पुरतो.

रिकामी नोंद म्हणजे शून्य पाऊस नव्हे

सर्वांत घातक चूक हीच आहे, म्हणून तिच्यावर अधिक लिहितो. मंडळांमध्ये बसवलेली स्वयंचलित केंद्रे बॅटरी उतरल्याने, मोबाइलचे नेटवर्क गेल्याने किंवा नरसाळे तुंबल्याने काही दिवस बंद राहतात. तक्त्यात अशा दिवशी कधी आडवी रेघ असते, कधी जागा कोरी असते, आणि कधी चक्क ० छापलेले असते. बेरीज करणारा ही तिन्ही चिन्हे शून्यच धरतो, आणि मंडळाचा पाऊस प्रत्यक्षाहून कमी भरतो. उलटही घडते: बंद पडलेल्या यंत्राच्या जागी शेजारच्या मंडळाचा आकडा भरला जातो आणि कोरड्या गावाच्या नावावर न पडलेला पाऊस चढतो.

एक हिशेब पाहा. समजा, शेजारच्या दोन केंद्रांचा जुलैचा पाऊस ९६ आणि ६१ मिमी आहे. पहिल्या नजरेत दुसऱ्या गावात तिसरा हिस्सा पाऊस कमी झाला असे वाटते. पण दुसऱ्या केंद्राची १९ ते २४ जुलै या सहा दिवसांची नोंदच नसेल, आणि त्याच सहा दिवसांत पहिल्या केंद्रावर ३३ मिमी पाऊस झाला असेल, तर तेवढे दिवस दोन्हीकडून वगळल्यावर तुलना ६३ आणि ६१ अशी उरते. दोन्ही यंत्रे चालू असलेल्या दिवसांचीच बेरीज समोरासमोर ठेवावी, आणि किती दिवस वगळले हे आकड्याच्या शेजारीच लिहावे.

यंत्र बंद नसून तुंबले आहे, हे ओळखण्याची एक खूण मला उपयोगी पडली आहे. या यंत्रात दोन लहान कप्प्यांचा झोका असतो. ठरावीक पाणी, बहुधा ०.२ किंवा ०.५ मिमी एवढे, साचले की तो एका बाजूला कलतो आणि एक नोंद होते. नरसाळ्याच्या तोंडाशी कडुनिंबाची पाने, पक्ष्यांची विष्ठा किंवा माती बसली की पाऊस चालू असताना नोंद शून्य राहते, आणि मग स्वच्छ ऊन पडलेले असताना साचलेले पाणी झिरपत जाऊन तासन् तास ०.२, ०.२ अशी नोंद होत राहते. तासवार आकड्यांत उन्हातला असा पाऊस दिसला की त्या आठवड्याचा कोणताही आकडा तपासल्याशिवाय वापरू नये. जोरदार सरींत हाच झोका मागे पडतो आणि खऱ्याहून थोडे कमी मोजतो, हेही ध्यानात ठेवावे.

सरासरी कोणती आणि कोणत्या तारखेपर्यंतची

जुलैच्या मध्यावर “यंदा सरासरीच्या २५ टक्केच पाऊस” असे वाक्य कानावर पडते आणि लोक ७५ टक्के तूट धरून चालतात. बहुतेक वेळा तो आकडा अख्ख्या चार महिन्यांच्या सरासरीशी लावलेला असतो. तुलना नेहमी १ जूनपासून त्याच तारखेपर्यंतच्या सरासरीशी करावी. हंगामाचे अडीच महिने अजून बाकी असताना सगळ्या हंगामाचा पाऊस मागणे बरोबर नाही.

सरासरीही एकच नसते. हवामान विभाग आता १९७१ ते २०२० या काळावरून सरासरी काढतो. जुन्या तक्त्यांत १९६१ ते २०१० किंवा त्याही आधीचा काळ असतो. तोच पाऊस एका संकेतस्थळावर ८२ टक्के आणि दुसऱ्यावर ७८ टक्के दिसण्याचे कारण बहुधा हेच असते. हवामान विभागाच्या वर्गवारीत सरासरीहून उणे १९ टक्क्यांपर्यंत “सामान्य” आणि उणे २० पासून “अपुरा” असे नाव पडते. नकाशावर आपला भाग सामान्य रंगात आहे म्हणून विहिरीला पाणी असेलच असे नाही, कारण उणे १८ टक्केही त्याच रंगात बसतात. ज्या भागाची सरासरी ५०० मिमीच्या घरात आहे, तेथे एक टक्का म्हणजे फक्त पाच मिमी.

वर्षाची व्याख्या हा तिसरा घोळ आहे. कोणी १ जून ते ३० सप्टेंबर मोजतो, कोणी जानेवारीपासून. २०२३ च्या २६ नोव्हेंबरला निफाड, चांदवड परिसरात गारपीट आणि अवकाळी पाऊस झाला आणि द्राक्षबागांचे मोठे नुकसान झाले. कॅलेंडर वर्षाच्या बेरजेत तो पाऊस जमेला येतो. खरिपाला त्याचा उपयोग शून्य, बागायतदाराला तोटा, आणि तरी कागदावर तूट भरून निघालेली दिसते. वळवाचा, हंगामाचा आणि अवकाळी असे तीन रकाने वेगळे ठेवले की हा प्रश्न उरत नाही.

जिल्ह्याची सरासरी आपल्या गावाला लावू नका

नाशिक जिल्ह्यात १५ तालुके आहेत. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या सिन्नर, येवला, मालेगाव, नांदगाव भागात तो साधारण ५०० च्या घरात राहतो. समजा, एका तालुक्याची सरासरी ३००० मिमी आहे आणि तेथे २९०० मिमी पाऊस झाला. दुसऱ्याची ५०० आहे आणि तेथे २५० झाला. दोघांचा मिळून पाऊस ३५०० पैकी ३१५०, म्हणजे ९० टक्के. हा आकडा ऐकणाऱ्याला परिस्थिती ठीक वाटते, आणि निम्म्या पावसावर बाजरी करपत असलेला तालुका त्या ९० टक्क्यांत बुडून जातो. टक्केवाऱ्यांचीच सरासरी काढली (९७ आणि ५०) तर उत्तर ७३ येते. दोन्ही गणिते बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत. जिल्ह्यात एकंदर किती पाणी पडले हे पहिले सांगते. तालुक्यांवर सरासरी किती ताण आहे हे दुसरे सांगते. आपल्या गावाविषयी मात्र दोन्ही काही सांगत नाहीत, तेथे मंडळाचाच आकडा घ्यावा लागतो. मंडळही पुष्कळदा मोठे पडते. यंत्र एका गावात असते आणि श्रावणातली सर त्या गावाची वेस सोडून पलीकडच्या शिवारात पडत नाही.

सकाळचे साडेआठ

सरकारी मापकाची नोंद सकाळी ८.३० वाजता होते आणि ती मागच्या २४ तासांची असते. ११ जुलैच्या तारखेखाली लिहिलेला पाऊस प्रत्यक्षात बहुतांशी १० जुलैला पडलेला असू शकतो. घरी मध्यरात्र ते मध्यरात्र मोजणारा माणूस आपली वही सरकारी तक्त्याशी लावतो तेव्हा रोजचा आकडा चुकतो आणि संशय बळावतो. सलग तीन-चार दिवसांची बेरीज जुळते का हे आधी पाहावे. ती जुळत असेल तर फरक फक्त वेळेचा आहे. पहाटे सहापासून अकरापर्यंत कोसळलेला पाऊसही याच रेषेने दोन तारखांत विभागला जातो, आणि मंडळात २४ तासांत ६५ मिमीहून अधिक पाऊस ही अतिवृष्टीची अट तेथे कागदावर हुकू शकते.

घरचे मापक कोठे चुकते

माझे पहिले मापक मी गच्चीच्या कठड्यावर ठेवले होते. वाऱ्याचा झोत कठड्यावर आदळून वर उचलला जातो आणि बारीक थेंब तोंडावरून वाहून नेतो; चार घरांपलीकडे मोकळ्या अंगणात ठेवलेले मापक दर वेळी माझ्याहून जास्त दाखवत असे. मी बराच काळ त्यालाच चुकीचे समजत होतो. तोंडाची कड जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटर उंच, पूर्ण समपातळीत, आणि जवळच्या झाडा-भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर, ही मांडणी केल्यावर दोन्ही आकडे जवळ आले.

मोजपात्र बदलले की फार मोठी चूक होते. पावसाचा एक मिमी म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. त्यामुळे २०० चौरस सेंटिमीटर तोंडाच्या मापकात १ मिमी पावसाचे २० मिलिलिटर पाणी जमते आणि १०० चौरस सेंटिमीटरच्या मापकात १० मिलिलिटर. मूळचे काचेचे मोजपात्र फुटल्यावर दुसऱ्या मापाचे आणून वापरले, तर सगळा हंगाम निम्मा किंवा दुप्पट नोंदला जातो. तपासणी सोपी आहे: २०० चौरस सेंटिमीटरच्या मापकात २०० मिलिलिटर पाणी हळूहळू ओतावे, आकडा १० मिमी यायला हवा.

कोरड्या वर्षात आणखी एक गळती होते. अनेक दिवस नुसती भुरभुर असते, अर्धा-एक मिमीची. दोन-तीन दिवसांनी एकदा पाणी मोजले तर मधल्या उन्हात ते उडून जाते. रोजच मोजावे.

धरण आणि हिरवे शेत हा पावसाचा पुरावा नव्हे

गंगापूर धरण भरते ते त्र्यंबकेश्वरच्या बाजूच्या पाणलोटातील पावसाने, नाशिक शहरातल्या पावसाने नव्हे. दारणा, भावली आणि मुकणे यांचा आधार इगतपुरी. शहरात रस्ते कोरडे असताना गंगापूर भरू शकते, आणि शहरात गटारे तुंबली तरी धरण तसेच राहू शकते. शिवाय लांबलेल्या उघडिपीनंतरचा पहिला पाऊस तापलेली जमीन पिऊन टाकते, म्हणून पाऊस ८० टक्के झाला तर येवा, म्हणजे धरणात येणारे पाणी, ८० टक्के येईल ही अपेक्षा चुकते. येवला आणि निफाडमध्ये पालखेड कालव्याचे आवर्तन आले की शिवार हिरवे दिसते. ते पाणी दिंडोरीच्या बाजूचे असते.

बेरीज झाकते तो खंड

सहा आठवड्यांत १२० मिमी पाऊस दोन दिवसांत पडला की दर आठवड्याला २० मिमी, हे बेरजेवरून कळत नाही. म्हणून एकूण आकड्याच्या शेजारी पावसाचे दिवस (२.५ मिमी किंवा अधिक पावसाचा दिवस) आणि सर्वांत लांब खंड, म्हणजे पावसाविना गेलेला सलग काळ, किती दिवसांचा, हे दोन आकडे लिहावेत. दुष्काळाच्या निकषांतही तीन ते चार आठवड्यांच्या खंडाला वेगळे स्थान आहे.

गावातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी येथे फार कामाच्या आहेत. “मृग कोरडा गेला, आर्द्रात पेरण्या झाल्या, मघात एक थेंब नाही” हे सांगणारे आजोबा खरे तर खंडाचीच नोंद देत असतात. नक्षत्र १३-१४ दिवसांचे असते. मृग ७-८ जूनला लागतो, मघा ऑगस्टच्या मध्याला. या तारखा रोजच्या नोंदीशी लावून पाहता येतात. फक्त १९७२ च्या दुष्काळाशी तुलना आठवणीवरून करू नये. त्या सालचे मिलिमीटर मिळाले तरच करावी.

मंडळाच्या आकड्यावर हरकत घ्यायची असेल तर ती हंगाम संपायची वाट न पाहता त्याच आठवड्यात तहसील किंवा कृषी कार्यालयात लेखी द्यावी. अर्जात तारीख, वेळ, आपल्या मापकाचा आकडा, शेजारच्या दोन मंडळांचे त्याच २४ तासांचे आकडे आणि यंत्राच्या नरसाळ्याचा फोटो असावा. मोजपात्राचा फोटो काढताना मोबाइल पाण्याच्या पातळीच्या रेषेत धरावा आणि पाण्याच्या वाटीसारख्या पृष्ठभागाचा खालचा तळ वाचावा, कारण वरून काढलेल्या फोटोत पातळी चुकीची दिसते आणि तेवढ्यावरून अर्ज बाजूला ठेवला जातो.