तासांचा फरक पाठ करू नका, शहराचं नाव लिहा

तीन खंडांत पसरलेल्या टीमच्या मीटिंग लावणं हे माझं काम. नव्याने हे काम करणाऱ्याला मी पहिलं हेच सांगते की दोन शहरांमधला तासांचा फरक पाठ करू नका, कारण तो वर्षभर सारखा राहत नाही.

लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये एरवी पाच तासांचा फरक. पण काही देशांत उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे करतात आणि हिवाळ्यात मागे घेतात. न्यूयॉर्कची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, लंडनची शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे फरक चारच तासांचा. लंडन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं, न्यूयॉर्क नोव्हेंबरच्या पहिल्या, म्हणजे तेव्हाही एक आठवडा तीच गत. सिडनीचं चक्र उलटं, त्यामुळे लंडनशी फरक कधी 9, कधी 10, कधी 11 तास. सिंगापूर, टोकियो, दुबई मात्र घड्याळाला हातच लावत नाहीत.

म्हणून दर आठवड्याची मीटिंग कोणत्या शहराच्या घड्याळाने चालणार, ते आधी ठरवा. ज्यांची वेळ हलूच शकत नाही, त्यांचं शहर धरावं असं माझं मत. कॅलेंडरमध्ये 'न्यूयॉर्क' निवडा, 'यूटीसी उणे पाच' (जागतिक प्रमाणवेळेच्या पाच तास मागे) नको, तो आकडा घड्याळाबरोबर बदलत नाही. आणि सिंगापूरच्या मंडळींना अमुक तारखेपासून त्यांचा कॉल तासभर सरकेल हे आधीच लेखी कळवा. नेमकं हेच राहून जातं आणि त्यांची संध्याकाळ विस्कटते.

मग प्रत्येक शहराचे नऊ ते पाच एकाखाली एक मांडून पाहा. लंडन-न्यूयॉर्कला लंडनच्या दुपारी 2 ते 5 इतका वेळ मिळतो. लंडन-सिंगापूरला उन्हाळ्यात जेमतेम एक तास. हिवाळ्यात लंडनचे नऊ वाजतात तेव्हा सिंगापूरचे पाच. सिंगापूर-न्यूयॉर्कला तर काहीच जुळत नाही. तिथे कुणाला तरी रात्री बसावंच लागतं, आणि ती पाळी आळीपाळीने यावी यावर मी ठाम आहे. मुख्यालय आहे म्हणून त्या शहराला कायमची सूट देणं अन्याय आहे. निरोप लिहून भागत असेल तर मीटिंग लावूच नये.

वारही बघा. न्यूयॉर्कची शुक्रवार दुपार म्हणजे सिंगापूरचा शनिवार उजाडलेला. रियाधला शुक्रवार-शनिवार सुट्टी, त्यामुळे लंडन आणि रियाधला मिळून सोमवार ते गुरुवारच हाती राहतात.

'आयएसटी', 'सीएसटी' अशी प्रमाणवेळांची लघुरूपं टाळा. पहिलं भारत, इस्रायल आणि आयर्लंड तिघांचं आहे, दुसरं शिकागोचं आणि चीनचंही. मुदत 'रात्री 12' अशी देऊ नका, 11:59 लिहा. नाहीतर कोणत्या दिवसाचे बारा, यावर मेल सुरू होतात.

निमंत्रणाची पहिली ओळ मी अशी लिहिते: 'मंगळवार, 12 मे. लंडन दुपारी 3, न्यूयॉर्क सकाळी 10, सिंगापूर रात्री 10.' एखाद्या शहरात तारीख बदलत असेल, तर त्या शहरापुढे वारही घालते.