पेव्हमेंट बँडचा इतिहास ठाणे-वाशी लोकलमध्ये कसा ऐकायचा

परवा भाच्याने माझ्या कानात त्याचा एक इअरफोन कोंबला आणि म्हणाला मामा हे ऐक, ॲपने आपोआप लावलं, कोण आहेत रे हे? गाणं होतं 'हार्नेस युअर होप्स', बँड पेव्हमेंट, नव्वदच्या दशकातला अमेरिकन रॉक बँड, आणि मग तलावपाळीवर उभ्या उभ्या मी त्याला अर्धा तास सांगत राहिलो. हल्ली बऱ्याच जणांची या बँडशी ओळख याच गाण्याने होते, स्पॉटिफायवर त्यांचं सगळ्यात जास्त ऐकलेलं गाणं हेच आहे, पण हे त्यांनी एकाही अल्बममध्ये घेतलं नव्हतं, १९९९ मध्ये एका सिंगलला जोडून दिलेलं. म्हणजे घरात शिरलात ते मागच्या दाराने. आता पुढच्या दाराने कसं यायचं ते सांगतो.

भाचा ठाण्याहून वाशीला जातो, प्रवास साधारण अर्ध्या तासाचा, म्हणून जाताना अर्धा अल्बम आणि येताना अर्धा असा हिशोब बसतो. घरच्या वायफायवर सगळं डाउनलोड करून ठेवा आणि शफल बंद करा, हे फार महत्त्वाचं आहे, कारण क्रम गेला की इतिहास गेला. अजून एक, ॲपवर यांच्या जुन्या अल्बमच्या ज्या मोठ्या आवृत्त्या दिसतात त्यात चाळीसच्या वर गाणी असतात, नवीन माणूस तिथेच बुडतो. मूळ अल्बम म्हणजे 'स्लँटेड अँड एन्चांटेड'ची पहिली १४ गाणी आणि 'क्रुकेड रेन, क्रुकेड रेन'ची पहिली १२, तेवढीच प्लेलिस्टमध्ये घ्या, बाकीची नंतर कधीतरी.

पण त्याच्याही आधी 'वेस्टिंग' नावाचं कलेक्शन उघडा आणि फक्त पहिली पाच गाणी ऐका. हे १९८९ चं पहिलं रेकॉर्डिंग. कॅलिफोर्नियातलं स्टॉकटन हे त्यांचं गाव, तिथले स्टीफन माल्कमस (गाणी लिहिणारा आणि गाणारा) आणि स्कॉट कॅनबर्ग (गिटारवाला) हे दोन मित्र गॅरी यंग नावाच्या माणसाच्या घरगुती स्टुडिओत गेले. गॅरी वयाने दोघांपेक्षा बराच मोठा, स्टुडिओ त्याचा, आणि गाण्यांना ड्रम हवेत असं वाटल्यावर तोच ड्रमवर बसला, असा हा बँडचा पहिला ड्रमर! नंतर माल्कमस फिरायला निघून गेला आणि रेकॉर्ड छापून घ्यायचं काम कॅनबर्गने केलं. आवाज खरखरीत आहे, फोन बिघडला असं वाटून घेऊ नका, तो तसाच आहे आणि मला तो तसाच आवडतो.

माझ्या मते या बँडचा इतिहास कळायची किल्ली ड्रममध्ये आहे. सगळे माल्कमसच्या शब्दांच्या मागे लागतात, ते शब्द पहिल्या दहा वेळा तरी हाताला लागत नाहीत, सोडून द्या. त्यापेक्षा मांडीवरच्या बॅगेवर बोटाने ठेका धरा. 'स्लँटेड'मध्ये (१९९२) गॅरीच वाजवतोय, बास गिटारवाला तर कोणी नाहीच, आणि ऐरोली ते रबाळे एवढ्यातच तुमचं बोट दोन-तीनदा चुकेल, कारण तो मध्येच एखादा रोल घालतो, धडपडतो आणि परत रुळावर येतो. गॅरी स्टेजवर उलटा हातांवर उभा राहायचा, गेटवर येणाऱ्या लोकांना भाजी वाटायचा, आणि प्यायचाही खूप, म्हणून ठेका सांभाळायला बॉब नास्तानोविच हा दुसरा माणूस सोबत घ्यावा लागला. १९९३ मध्ये गॅरी बाहेर पडला. २०२३ मध्ये तो गेला, त्या दिवशी मी हाच अल्बम दोनदा ऐकला.

मग 'क्रुकेड रेन' (१९९४). इथे ड्रमवर स्टीव्ह वेस्ट, बासवर मार्क आयबोल्ड, आणि आता बोट चुकत नाही, ठेका जरा मागे रेलून बसतो, गाण्याला मोकळी जागा मिळते. माल्कमस आणि वेस्ट दोघंही न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये गार्ड होते. टीव्हीवर दिसले, नाव झालं, आता हे मोठे होणार असं सगळ्यांना वाटलं आणि पुढच्याच वर्षी त्यांनी 'वाऊई झाऊई' काढला, १८ गाणी, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. त्याच उन्हाळ्यात लोलापलूझा या फिरत्या संगीत महोत्सवाच्या टूरवर वेस्ट व्हर्जिनियात लोकांनी त्यांच्यावर चिखल आणि दगड मारले, शेवटी स्टेज सोडावं लागलं. हा अल्बम एका दिवसात पचत नाही, दोन दिवस द्या, पहिल्या दिवशी आवडला नाही तरी दुसऱ्या दिवशी लावाच, माझा सगळ्यात लाडका हाच आहे.

'ब्रायटन द कॉर्नर्स' (१९९७) सोपा जातो. भाच्याचं ते गाणं याच रेकॉर्डिंगच्या वेळचं, बाहेर राहिलेलं, म्हणून अल्बम संपला की लगेच ते लावा, नीट जागेवर बसतं. शेवटचा 'टेरर ट्वायलाइट' (१९९९) रेडिओहेड बँडचे अल्बम करणाऱ्या नायजेल गॉडरिच या प्रोड्यूसरने केलाय, आवाज एकदम स्वच्छ, आणि बँडमधला ताण मला त्यात ऐकू येतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लंडनच्या ब्रिक्स्टनला शेवटचा शो झाला, माल्कमसने माइकच्या स्टँडला बेड्या लटकवल्या आणि इतकी वर्षं बँडमध्ये असणं म्हणजे हे, असं लोकांना सांगितलं. नंतर २०१० आणि २०२२ मध्ये परत एकत्र येऊन शो केले, ते व्हिडिओ रविवारी घरी मोठ्या स्क्रीनवर बघा, लोकलमध्ये नको.

भाच्याने सोमवारी सुरुवात केली. गॅरीबद्दल मी त्याला मुद्दाम काहीच सांगितलं नव्हतं. काल संध्याकाळी घणसोलीहून मेसेज आला, "मामा, दुसऱ्या अल्बमला ड्रमवाला बदललाय का?"