डे लिली: दसऱ्याला लावा, उन्हाळ्यात फुलवा

एप्रिल सरता सरता बागेची दशा काय होते ते गच्चीवर कुंड्या ठेवणाऱ्या कुणालाही विचारा. पिटुनिया आणि डायंथसचा पाचोळा झालेला असतो, शेवंती कशीबशी तग धरून असते. मोगरा तेवढा इमानेइतबारे फुलतो. बाकी आपण झारी घेऊन कुणाकुणाचा जीव जगवत फिरतो.

याच दिवसांत फुलणारी काही झाडं आहेत: डे लिली, निशिगंध, मे फ्लॉवर, रेन लिली. वर काही दिसो न दिसो, या सगळ्यांची शिदोरी मातीखाली बांधलेली असते. ती शिदोरी भरू दिली की दरवर्षी नवी रोपं आणावी लागत नाहीत. या लेखात मुख्यतः डे लिलीबद्दल सांगते, कारण ती आपल्याकडे अजून थोडी अनोळखी आहे आणि तिच्याबाबत चुकाही जास्त होतात. माझा अनुभव पुण्यातला आहे. कोकणात पावसाची आणि विदर्भात उन्हाची काळजी याहून जास्त घ्यावी लागेल.

आधी ओळख

नावात लिली असली तरी ही खरी लिली नव्हे. हिला कांदा नसतो, सुजल्यासारखी जाडसर मुळं असतात. मूळची पूर्व आशियातली, चीन-जपानकडची. शास्त्रीय नाव हेमेरोकॅलिस, म्हणजे ग्रीकमध्ये 'एका दिवसाचं सौंदर्य'. नाव अगदी शब्दशः खरं आहे. सकाळी उमललेलं फूल रात्रीपर्यंत मिटतं आणि दुसऱ्या दिवशी लिबलिबीत होऊन लोंबतं. पण एका दांड्यावर दहा-पंधरा कळ्या सहज असतात आणि त्या पाळीपाळीने उमलतात. त्यामुळे भरलेला गड्डा तीन-चार आठवडे फुलत राहतो. फुलदाणीसाठी मात्र हिच्या वाटेला जाऊ नका, त्यासाठी निशिगंध आहे.

रोप निवडताना

डे लिलीच्या नोंदवलेल्या जाती जगभरात एक लाखाच्या वर गेल्या आहेत. त्यामुळे फोटो बघून भुलायला भरपूर वाव आहे. मीही भुलले. जांभळ्या, झालरवाल्या पाकळ्यांचा फोटो बघून 'मिश्र रंगांची' सहा रोपं घरपोच मागवली. दोन वर्षं जपल्यावर सहाच्या सहा पिवळी निघाली. तेव्हापासून नर्सरीत फूल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय रोप घेत नाही.

रंगापेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे: थंडीत हिची पानं टिकतात की झडतात? काही जाती सदाहरित असतात, काही हिवाळ्यात पूर्ण झोपतात. झोपणाऱ्या जातींना कडक थंडी लागते. ती आपल्याकडे मिळत नाही, मग रोप दरवर्षी थोडं थोडं खंगत जातं. अमेरिकेत न्यू जर्सीसारख्या ठिकाणी राहणाऱ्या वाचकांचं नेमकं उलट आहे. तिथे पार्किंगच्या कडेलाही दिसणारी ठेंगणी पिवळी 'स्टेला दे ओरो', 1975 साली नोंदवलेली जात, बर्फाखाली झोपून वसंतात परत उठते. (तिथला त्रास हरणांचा. कळ्या त्यांना फार आवडतात.) महाराष्ट्रात मात्र सदाहरित जातच मागा. स्थानिक नर्सरीत वर्षानुवर्षं वाढलेली साधी पिवळी किंवा केशरी डे लिली सुरुवातीला सर्वांत भरवशाची. गडद लाल फुलं आपल्या उन्हात दुपारपर्यंत करपल्यासारखी दिसतात, पिवळी टिकतात.

लावणी

मुहूर्त दसरा ते दिवाळी. पाऊस ओसरलेला असतो, माती अजून ऊबदार असते आणि उन्हाळ्यापूर्वी मुळांना चार-पाच महिने मिळतात. हा मुहूर्त हुकला तर जानेवारीअखेर लावा. भर आषाढात किंवा मे महिन्यात मुळांना हातच लावू नका.

कुंडी किमान 12 इंची हवी, तळाला मोकळी भोकं हवीत. दोन भाग पोयटा माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट किंवा जाड वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड असं मिश्रण करा. भरलेल्या कुंडीत तांब्याभर पाणी ओतून बघा. पाणी वर तळ्यासारखं साचून राहिलं तर वाळू वाढवा. ही परीक्षा टाळू नका, पावसाळ्यात तिचीच किंमत मोजावी लागते.

आता रोप. सुकलेली, मऊ पडलेली मुळं कापून टाका. पानं वीतभर ठेवून वरचा भाग छाटा. कुंडी अर्धी भरली की मधोमध मातीची छोटी टेकडी करा, रोप तिच्यावर बसवा आणि मुळं चहूबाजूंनी खाली सोडा, जणू टेकडीवर कुणीतरी पाय पसरून बसलंय. मग माती भरा. पांढरी मुळं आणि हिरवी पानं जिथे मिळतात तो सांधा मातीखाली दोन-तीन सेंटिमीटर राहायला हवा. याहून खोल गेला तर फुलं रोडावतात, उघडा राहिला तर रोप डगमगतं. जमिनीत लावत असाल तर दोन रोपांत हातभर अंतर ठेवा. आज ते फार वाटेल, तिसऱ्या वर्षी कमी वाटेल.

ऊन, पाणी, खत

सकाळचं पाच-सहा तास ऊन पुरे. त्याहून कमी मिळालं तर नुसती पानं वाढतात. पश्चिमेची तापलेली भिंत आणि गच्चीचा कठडा ही दोन ठिकाणं टाळा. एप्रिलपासून दुपारी हिरव्या जाळीची सावली मिळाली तर फुलांचा रंग टिकतो.

थंडीत दोन-तीन दिवसांआड पाणी चालतं. दांडा वर येऊन कळ्या धरल्या की मात्र पाण्यात हयगय नको. या टप्प्यावर माती पूर्ण सुकली तर कळ्या पिवळ्या पडून गळतात. कडक उन्हाळ्यात कुंडीला रोज सकाळी बुडाशी पाणी द्या, पानांवर नको. मातीवर सुक्या पानांचं आच्छादन घाला.

खत वर्षातून दोनदा: जानेवारीअखेर एक ओंजळ गांडूळखत आणि फुलोरा संपल्यावर पुन्हा तेवढंच. युरियाचा मोह नको. पानं हिरवीगार होतील, शेजारी कौतुकही करतील, फुलं मात्र येणार नाहीत.

फुलोरा संपल्यावर

बहुतेक जण इथेच चुकतात. रोज सकाळी कालचं मेलेलं फूल बोटांनी मोडून काढा. दांड्यावरच्या सगळ्या कळ्या संपल्या की दांडा बुडाशी कापा. कधी कधी दांड्यावरच पानांचा इवलासा झुबका फुटतो. तो दांड्याच्या तुकड्यासकट कापून ओल्या मातीत खोचा, फुकटचं रोप मिळेल.

हिरवी पानं मात्र कापू नका. पहिल्या वर्षी मी ती 'पसारा दिसतो' म्हणून साफ छाटली होती आणि पुढच्या उन्हाळ्यात चार कुंड्यांत मिळून दोन दांडे आले. पुढच्या वर्षीची शिदोरी हीच पानं भरत असतात. आपोआप वाळलेली तेवढी ओढून काढा.

पावसाळा सांभाळा

आपल्याकडे डे लिली उन्हाने क्वचित मरते, कुजून जास्त मरते. जूनच्या सुरुवातीला कुंड्या विटांवर उचलून ठेवा, जमलं तर पन्हाळीच्या धारेपासून दूर. पानं ओढताच बुडातून सुटून हातात आली आणि कुबट वास आला, तर सांधा कुजतोय. रोप काढा, कुजकं सगळं कापा, एक-दोन दिवस सावलीत सुकवा आणि कोरडसर वाळूमिश्रित मातीत लावा. अर्धी रोपं तरी वाचतात.

पानांवर नारिंगी पूड दिसली आणि बोटाला लागली तर तो तांबेरा. ती पानं तोडून टाका, कंपोस्टमध्ये घालू नका. कोवळ्या दांड्यांवर मावा आला तर आधी पाण्याचा जोरदार फवारा, नाही हटला तर लिटरभर पाण्यात पाच मिली निमतेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारणी.

घरात मांजर असेल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. चीनमध्ये डे लिलीच्या वाळवलेल्या कळ्या सूपमध्ये घालतात, पण मांजरांना हे झाड विषारी आहे. त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. मांजर असलेल्या घरी मी हे रोप भेट देत नाही. आणि सूपचे प्रयोग नर्सरीच्या फवारलेल्या रोपांवर करू नका.

तीन वर्षांनी वाटणी

कुंडी फुटव्यांनी गच्च भरली आणि दांडे कमी झाले की वाटणीची वेळ आली. पुन्हा दसऱ्यानंतर. गड्डा पूर्ण काढा, माती धुऊन टाका म्हणजे फुटवे कुठे सुटतात ते दिसतं. दोन-तीन फुटव्यांचा एकेक भाग करा. एकेकटा फुटवा लावला तर फुलांना आणखी वर्षभर थांबावं लागतं.

सोबतीला कोण?

निशिगंधाचे कंद मार्च-एप्रिलमध्ये लावा. सुपारीपेक्षा लहान कंद घेऊ नका, ते त्या वर्षी फुलत नाहीत. साधारण तीन महिन्यांत दांडा येतो. एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही, त्याच्या भोवतीची पिल्लं फुलतात, म्हणून जुना कंद फेकताना पिल्लं वेगळी करून ठेवा. 'फुले रजनी' किंवा बंगळुरूच्या संशोधन संस्थेची 'प्रज्वल', दोन्ही जाती एकेरी पाकळ्यांच्या आणि सुवासिक आहेत.

रेन लिलीची गंमत सोपी आहे. दोन-तीन आठवडे पाणी तोडा, मग एकदम भरपूर द्या. पाऊस पडला असं समजून ती फुलते.

आणि मे फ्लॉवर, लाल चेंडूसारखं फुलणारं. कंदाची मान मातीच्या वर ठेवून लावा आणि मग वर्षानुवर्षं हलवू नका. थंडीत त्याची पानं पूर्ण जातात, पाणीही जवळजवळ बंद करायचं. अशा कुंडीत नावाची काडी खोचून ठेवा. मी खोचली नव्हती. सासूबाईंनी रिकामी कुंडी वाया कशाला म्हणून फेब्रुवारीत तिच्यात मेथी पेरली. दोनदा भाजी झाली, आणि मे उजाडता निबर मेथीच्या काड्यांमधून लाल कोंब वर आला.