पावसाळ्यानंतर होडी पाण्यात घालताना: इंजिनातून पडणारी पाण्याची धार आधी बघा

यांत्रिक होड्यांवरची मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते, पण माझ्यासारखा हौशी माणूस नारळी पौर्णिमा होऊन पाणी निवळल्याशिवाय होडीला हात लावत नाही. तोवर फायबरची होडी माडाच्या झापांखाली शाकारलेली आणि ९.९ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन पडवीत लाकडी घोडीवर उभं. तीन महिने. एवढ्या काळात खारं पाणी, दमट हवा आणि किडेमुंग्या काय काय करतात, ते इंजिन उघडल्यावरच कळतं.

होडीचं काम अर्ध्या दिवसाचं. धुवा, उलटी करून तडे बघा, आणि इंजिन टांगायची मागची फळी हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा. आवाज बद्द आला तर आत पाणी मुरलंय. आधी ती फळी दुरुस्त करा, मग पुढचं. लाइफ जॅकेट माळ्यावरून काढून उंदरांनी कुरतडलंय का बघा. नांगराचा दोर सगळा उलगडा.

मागच्या हंगामातलं पेट्रोल वापरू नका. ‘नव्यात मिसळून संपव’ म्हणणारे प्रत्येक धक्क्यावर भेटतात. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पावसाळी हवेतलं पाणी ओढून घेतं आणि हे पाणी टाकीच्या तळाशी बसतं. ताजं आणा. टू-स्ट्रोक असेल तर ऑइलचं प्रमाण इंजिनाच्या पुस्तकात बघून घाला, शेजाऱ्याला विचारून नव्हे.

गिअर ऑइल बदलताना पंखा (प्रोपेलर) काढाच. पंख्यामागे शाफ्टला तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, गुंडाळलेला असतो, केसाएवढा बारीक, आणि तोच पाणी आत येऊ न देणारा रबरी सील कापतो. निघालेलं ऑइल दुधाळ असेल तर सील गेलाय. नवं ऑइल खालच्या भोकातून भरायचं, वरच्यातून बाहेर येईपर्यंत. मग आधी वरचा स्क्रू बंद, नंतर खालचा. वॉशर नवेच.

आता खरं काम: इंजिनाला थंड ठेवणारा पाण्याचा पंप. इंजिनाच्या पायात, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागात, रबरी पाकळ्यांचा इम्पेलर (पाणी ढकलणारं छोटं चक्र) असतो. तो खालून पाणी ओढतो, तांब्याच्या नळीतून वर ढकलतो, आणि त्यातलं थोडं पाणी मागच्या बारीक भोकातून धार होऊन पडतं. ती धार पडली नाही तर इंजिन बंद, लगेच. ‘दोन मिनिटं कोरडंच चालवून बघ, सुरू होतंय का’ असं सांगणाऱ्याला इंजिनाजवळ उभं करू नका. पाण्याशिवाय इम्पेलरचं रबर काही सेकंदांतच जळायला लागतं.

धार नाही म्हणून थेट पंपच उघडू नका. आमच्याकडे दोनदा त्या भोकात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. तंगुसाचा जाड तुकडा आत घालून फिरवला, माती भुसभुशीत होऊन पडली, काम झालं.

तरीही इम्पेलर दर वर्षी बदला. महिनोन् महिने एकाच जागी दबून पाकळ्या वाकड्याच राहतात. पाय सोडवताना गिअरचा दांडा कुठे जोडलाय त्याचा मोबाइलवर फोटो काढा. काही मॉडेलमध्ये एक बोल्ट पंख्याच्या वर असलेल्या झिंकच्या तुकड्याखाली लपलेला असतो. तो राहिला आणि तुम्ही ओढत बसलात तर काहीतरी मोडणार. मिठाने धरलेल्या बोल्टवर गंज सोडवायचं तेल मारा आणि रात्रभर तसंच ठेवा. छिन्नी नको.

जुन्या इम्पेलरच्या पाकळ्या मोजा. एक कमी असेल तर ती वर नळीत अडकलीय, ती शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. शाफ्टवर इम्पेलर अडकवून ठेवणारा धातूचा छोटा तुकडा, म्हणजे चावी, ग्रीसच्या ठिपक्याने चिकटवा, नाहीतर ती वाळूत पडते आणि मग संध्याकाळ तिच्या शोधात जाते. रबराला मात्र ग्रीस नको, साबणाचं पाणी लावा. झाकण बसवताना शाफ्ट वरून बघून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत राहा, म्हणजे पाकळ्या योग्य बाजूला वळतात. बहुतेक इंजिनं त्याच दिशेने फिरतात.

माझं घोडं अडलं ते यापुढे. नवा इम्पेलर घातला, पाय चढवला, बोल्ट आवळले, धार नाही. पुन्हा उतरवलं, पुन्हा चढवलं, धार नाही. तिसऱ्यांदा उतरवल्यावर टॉर्च मारून बघितलं, तर तांब्याची नळी पंपाच्या रबरी तोंडात शिरलीच नव्हती, शेजारी टेकून उभी होती. पाणी पायातल्या पायातच फिरत होतं. तेव्हापासून हे काम मी एकट्याने करत नाही. एकजण पाय उचलतो, दुसरा टॉर्च घेऊन नळीचं टोक बघतो. रबरी तोंडाला साबण लावा. शाफ्टचे दाते जुळत नसतील तर गिअरमध्ये टाकून पंखा हळू फिरवा. बोल्ट आवळून पाय वर खेचू नका. दात्यांच्या बाजूंना ग्रीस लावा, पण शाफ्टच्या डोक्यावर नाही. तिथे दबलेलं ग्रीस पाय पूर्ण बसू देत नाही.

मग २०० लिटरचा ड्रम. पाणी पंख्याच्या वरच्या पट्टीच्या वर हवं. न्यूट्रलमध्ये, कमी वेगावर चालवा आणि धारेखाली हात धरा. पाणी आधी गार लागतं, पाच-दहा मिनिटांनी कोमट. चटका बसला तर बंद करा आणि थर्मोस्टॅट बघा.

होडी लोटण्याआधी तळाचं बूच. मी ते इंजिनाच्या दोरीच्या मुठीलाच बांधून ठेवतो, म्हणजे सुरू करायला गेलं की आधी बूच हाताला लागतं.