स्वर्व्ह मॉड्यूल घेण्याआधी ते उघडून बघा

दर नोव्हेंबरात आमच्या वर्कशॉपमध्ये तोच संवाद होतो. मैत्रिणीचा मुलगा लॅपटॉप माझ्या नाकासमोर धरतो. "मावशी, या वर्षी रोबोच्या चाकांना एल-थ्री गिअर घेऊ या ना. सेकंदाला पाच मीटर!" मी विचारते, "आणि थांबणार कुठे?"

मी मूळची चिंचवडची. मिशिगनमध्ये गिअरबॉक्स टेस्टिंगची नोकरी, आणि संध्याकाळी एका हायस्कूलच्या एफआरसी, म्हणजे फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनच्या, टीमची मेंटॉर. डेट्रॉइटच्या आसपास गाड्यांच्या कंपन्यांत मराठी माणसं भरपूर. त्यामुळे थंडी पडली की कुणा ना कुणा आईबाबांचा फोन येतोच: मुलांना स्वर्व्ह हवंय, कुठलं घ्यायचं? मी तासभर बोलते आणि भाजी करपते. म्हणून या वेळी लिहून काढलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच: स्वर्व्हमध्ये चार कोपऱ्यांत चार चाकं आणि प्रत्येक चाकाला दोन मोटारी असतात. एक चाक पळवते, दुसरी त्याचं तोंड वळवते. त्यामुळे रोबो अंग न वळवता हव्या त्या दिशेला सरकतो, पळता पळता गिरकीही घेतो. म्हणजे आठ मोटारी, चाकाचं तोंड कुठे आहे ते सांगणारे चार एन्कोडर आणि वायरिंगचं जंजाळ. चाक आणि गिअर बसवलेल्या एका कोपऱ्याच्या जोडणीला मॉड्यूल म्हणतात. मॉड्यूल, मोटारी आणि एन्कोडर धरून आमचा हिशेब साडेतीन हजार डॉलरच्या घरात गेला होता. टीमचं पहिलंच वर्ष असेल आणि कोड लिहिणारं एकच पोर असेल, तर स्पर्धेच्या किटमध्ये येणारी, रणगाड्यासारखी वळणारी साधी टँक चेसी वापरा आणि वाचलेला वेळ ड्रायव्हरच्या सरावाला द्या. यात कमीपणा काही नाही.

घ्यायचंच ठरलं असेल तर आधी रेशोचं, म्हणजे चाकाच्या एका फेरीला मोटर किती फेरे घेते त्याचं, बोलू, कारण मुलं तिथेच हट्ट धरतात.

एसडीएस कंपनीचं एमके४आय मॉड्यूल खूप टीम वापरतात, म्हणून तेच उदाहरण घेते. त्यात चाक पळवण्याचे तीन रेशो येतात: एल-वन ८.१४, एल-टू ६.७५ आणि एल-थ्री ६.१२. चाक चार इंची. क्रॅकन एक्स६० मोटर बिनभाराची मिनिटाला ६००० फेरे घेते. ६००० ला ६.७५ ने भागा, ६० ने भागा, चाकाच्या परिघाने, म्हणजे ०.३१९ मीटरने, गुणा. उत्तर येतं सेकंदाला ४.७ मीटर. एल-थ्रीचं ५.२ आणि एल-वनचं ३.९. हे सगळे कागदावरचे आकडे, प्रत्यक्षात थोडे कमीच मिळतात.

आता मैदान आठवा. बहुतेक वर्षी ते साधारण ५४ फूट लांब आणि २७ फूट रुंद असतं, आणि मध्ये काही ना काही अडथळे. रोबोची एक धाव बहुतेक वेळा पाच-सहा मीटरची. वेग सेकंदाला ४ मीटरने वाढतो आणि तसाच कमी होतो असं धरलं, तर ५.२ गाठायला ३.४ मीटर लागतात आणि थांबायला तितकेच. झाले पावणेसात मीटर. म्हणजे सहा मीटरच्या धावेत एल-थ्रीचा वरचा वेग तुमच्या वाट्याला येतच नाही! एल-टूला हेच गणित साडेपाच मीटरमध्ये बसतं. मी हे फळ्यावर मुलांकडूनच करून घेते, स्वतः सांगत नाही. सांगितलं तर वाद घालतात.

दुसरी बाजू बॅटरीची. एफआरसीत १२ व्होल्ट, १८ अँपिअर-तासाची एकच लेड-ॲसिड बॅटरी आणि तिच्यावर १२० अँपिअरचा मुख्य ब्रेकर. पळवणाऱ्या चार मोटारींनी प्रत्येकी ६० अँपिअर ओढले की २४० झाले. ब्रेकर क्षणभर सोसतो, पण व्होल्टेज कोसळतं. ते पावणेसातच्या आसपास आलं की रोबोरिओ २, म्हणजे रोबोचा मुख्य कंट्रोलर, स्वतःला वाचवायला मोटारी तोडतो आणि रोबो उचकी लागल्यासारखा चालतो. शिवाय तेवढ्याच जोराने ढकलायला एल-थ्रीला एल-वनपेक्षा एक-तृतीयांश जास्त करंट लागतो. मॅचच्या शेवटच्या मिनिटात, बॅटरी दमलेली असताना, हा फरक ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर दिसतो. म्हणून आमच्याकडे गेली तीन वर्षं एल-टू आहे. करंट लिमिट कोडमध्ये पहिल्याच दिवशी लावायचं, नंतर कुणाला आठवत नाही.

वळवण्याच्या रेशोवरून डोकेफोड करू नका. एमके४आयला तो साधारण २१.४ आहे, जुन्या एमके४ला १२.८. ऐकायला फरक मोठा वाटतो, पण नीट लिहिलेल्या कोडमध्ये चाक ९० अंशांपेक्षा जास्त वळतच नाही. त्यापुढे वळायची वेळ आली तर ते उलटं पळतं.

मोटारी कुठे बसतात ते मात्र बघा. एमके४मध्ये त्या वर उभ्या राहतात, एमके४आयमध्ये उलट्या होऊन खाली चेसीच्या आत जातात. वर हात-लिफ्ट बसवायची तर दुसरी रचना बरी, पण मग मधल्या पोटात बॅटरीला जागा उरते का ते आधी मोजा. रेव्ह कंपनीच्या मॅक्सस्वर्व्ह मॉड्यूलमध्ये चाक तीन इंची आणि वळवायला निओ ५५० ही छोटी मोटर. मॉड्यूल आटोपशीर, वजनाला हलकं. २०२५ला वजनाची मर्यादा १२५ वरून ११५ पौंडांवर आली, तेव्हा हे हलकेपण मोलाचं वाटलं. पण छोटी मोटर अडकून राहिली की पटकन तापते, तिला २० अँपिअरच्या आसपास लगाम हवा. आणि तीन इंची चाक तेवढ्याच अंतरात चार इंचीपेक्षा सव्वापटीहून जास्त फेरे घेतं, म्हणजे रबरही लवकर झिजणार.

आता मुख्य गोष्ट. मॉड्यूल कसं पळतं ते सगळे बघतात, उघडतं कसं ते फार थोडे बघतात.

दोन वर्षांपूर्वी एका डिस्ट्रिक्ट स्पर्धेत सातव्या मॅचला आमचा रोबो खेकड्यासारखा तिरका चालायला लागला. डावं पुढचं चाक थोडं आत वळलेलं. मुलांनी एन्कोडरचा ऑफसेट, म्हणजे चाक सरळ असताना तो दाखवतो तो कोन, पुन्हा मोजून कोडमध्ये टाकला आणि पुढची मॅच बरी गेली. नवव्या मॅचला पुन्हा तेच. पुन्हा ऑफसेट. दहाव्या मॅचनंतर मी चिडून मॉड्यूल उघडायला लावलं. दांड्याच्या टोकाला, एन्कोडरसमोर, औषधाच्या गोळीएवढं एक चुंबक असतं. ते बोटाने फिरत होतं! बसवताना आम्ही ते स्पिरिटने पुसलं नव्हतं, त्यामुळे गोंदाने तेलकट भोकात पकडच घेतली नव्हती. चूक सर्वस्वी आमची. पण दुरुस्ती होती दोन मिनिटांची आणि तिथे पोहोचायला लागली पंचवीस, कारण आमच्या चेसीत बंपरचा कंस नेमका त्याच चार बोल्टांवर आला होता. एक मॅच तीन चाकांवर खेळलो.

म्हणून विकत घेण्याआधी शेजारच्या टीमकडे जा. एफआरसीत हे मागायला कुणी लाजत नाही आणि कुणी नाही म्हणत नाही. त्यांचं एक मॉड्यूल टेबलावर घ्या, फोनवर घड्याळ लावा आणि तुमच्या मुलांना तीन कामं करू द्या: चाक काढून परत बसवणं, एन्कोडर बदलणं, आणि अख्खं मॉड्यूल चेसीतून काढून दुसरं लावणं. तुम्ही हात मागे बांधून उभे राहा. किती मापांच्या ॲलन की लागल्या ते मोजा. कुठला स्क्रू काढायला आधी दुसरं काही काढावं लागलं ते लिहा. ॲल्युमिनियमच्या प्लेटमध्ये थेट आटे पाडलेत का, हेही बघा. घाईत तिरका बोल्ट घुसवला की आटे गेलेच. आमच्या मुलांना अख्खं मॉड्यूल बदलायला पहिल्यांदा चाळीस मिनिटं लागली होती, फेब्रुवारीपर्यंत नऊवर आली. मिशिगनच्या डिस्ट्रिक्ट स्पर्धेत प्रत्येक टीमच्या बारा पात्रता मॅच असतात, आणि दोन मॅचच्या मध्ये कधी कधी जेमतेम चहापुरता वेळ मिळतो. नऊ मिनिटं चालतात, चाळीस नाही.

टेबलावर असतानाच माझी एक जुनी सवय: एका हाताने मोटरचा गिअर घट्ट धरायचा, दुसऱ्याने चाक हलवायचं. थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, हवाच. पण टक्-टक् असा आवाज येत असेल तर बेअरिंग आणि बेव्हल गिअरकडे नीट बघा. त्या टीमने ते किती मॅच चालवलंय हेही विचारा, नाहीतर उगाच चांगल्या मॉड्यूलवर शिक्का बसायचा.

चाकाचं रबर बदलता येतं की अख्खं चाकच बदलावं लागतं, हा प्रश्न खर्चापुरता नाही. रोबो किती अंतर गेला हे चाकाच्या फेऱ्यांवरून मोजतो. १०१.६ मिलिमीटरचं चाक झिजून ९९ झालं, तर आठ मीटरच्या ऑटोनॉमस, म्हणजे ड्रायव्हरविना होणाऱ्या, धावेत वीस सेंटिमीटरची चूक. मग मुलं रात्रभर कोड तपासत बसतात. व्हर्नियर पिटमध्ये, म्हणजे स्पर्धेतल्या आपल्या दुरुस्तीच्या जागेत, ठेवा, रोज सकाळी चारही चाकं मोजा, आकडा कोडमध्ये टाका.

ऑर्डर पाच मॉड्यूलची करा, चारची नव्हे. पाचवं मोटारींसकट जोडून, ऑफसेट मोजून, पेटीत तयार. पैसे पुरत नसतील तर निदान एक एन्कोडर, एक बेव्हल जोडी, चाकं आणि मूठभर बोल्ट जास्तीचे घ्या. आणि हे डिसेंबरआधी. जानेवारीच्या सुरुवातीला त्या वर्षीचा खेळ जाहीर झाला की दुकानं रिकामी होतात.

खोकी आली की निळं लॉकटाइट, म्हणजे बोल्ट ढिला होऊ न देणारा गोंद, प्रत्येक धातूतल्या बोल्टला, ग्रीस फक्त दात्यांना, बेल्टला अजिबात नाही. चारही मॉड्यूल ठोकळ्यांवर उचलून वीस मिनिटं सुलट, वीस मिनिटं उलट चालवा, मग एक उघडून ग्रीस बोटावर घ्या. त्यात चमक दिसली तर गिअर कुठेतरी घासतोय, पुन्हा जोडा. ज्या मुलाने जे मॉड्यूल जोडलं त्याला मी प्लेटच्या आतल्या बाजूला मार्करने नाव लिहायला लावते. स्पर्धेत ते करकरलं की पिटमध्ये हाक कुणाला मारायची, हे विचारावं लागत नाही.